मनगटाचं माप

रूपाली संशयी आहे असं जे म्हणायचे, त्यांना रूपाली पुरती कळलीच नव्हती. संशयी माणसाला अधूनमधून तरी वाटतं की बाबा, आपलं चुकत असेल. रूपालीला तसलं काही वाटत नसे. तिला सगळं ठाम माहीत असायचं. नवरा फोनवर हसला की पलीकडे बाई आहे हे माहीत, आणि हसला नाही की बाईशी भांडण झालंय हेही माहीत. आता अशा बाईपुढे कोणी काय बोलावं?

बालाघाटात काली पुतली चौकाच्या मागच्या गल्लीत तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यात एक मशीन, एक कपाट आणि काजं करायला येणारी म्हातारी गोदाबाई. पण हात असा की लांजीपासून बाया कापड घेऊन यायच्या. आणि हातापेक्षा नजर भारी. बाई दारात उभी राहिली की छत्तीस की अडतीस हे हिचं ठरलेलं, मग टेप लावला की तेच निघायचं. कोण माहेरी जाऊन सुटून आली, कोण नवऱ्याच्या जाचानं वाळली, सगळं हिला कापडाआधी कळायचं. कोणाला दिवस गेलेत हे तर सासूच्या आधी. गल्लीभर तिचा तो दरारा होता.

नवऱ्याचं नाव भोजराज. पाच वर्षांपासून मलाजखंडला, तांब्याच्या खाणीवर एका ठेकेदाराकडे. धूळ उडू नये म्हणून रस्त्यांवर पाणी मारणारा टँकर चालवायचा. शनिवारी संध्याकाळी घरी यायचा, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. आठवड्याचे पाच दिवस नवरा नजरेआड! रूपालीसारखीला हे कसं झेपावं? ती मशीन चालवायची आणि डोक्यात मलाजखंड चालायचं.

तशात एका शनिवारी त्याच्या बोटात अंगठी दिसली नाही. साक्षगंधाला रूपालीच्या बापानं, फकिराबाबानं, घातलेली अंगठी. लग्नाच्या रात्री रूपालीनं नव्या नवऱ्याला दम भरला होता, "हे अंगठी निघाली तर मी निघाली समजा." बारा वर्षं ती निघाली नव्हती.

"अंगठी कुठं हाय?"

"कामात गुंतते. काढून ठेवली."

"कुठं ठेवली?"

"आहे."

"आहे म्हणजे कुठं आहे?"

"आहे ना व. हरवली नाई."

एवढं बोलून तो पाठ करून निजला आणि घोरायला लागला. हे घोरणंही नवीनच. पाठ करणं त्याहून जुनं, त्याला दोन वर्षं तरी झाली होती. पूर्वी शनिवार म्हटला की हा माणूस जेवणसुद्धा घाईत उरकायचा. आता जवळ येत नाही, हात लावत नाही, काही म्हटलं की डोकं दुखते म्हणतो. रूपाली डोळे टक्क उघडे ठेवून पडली. ह्या माणसाला आपण नको झालो आणि दुसरी कोणीतरी हवी झालीय, हे तिनं मनात पक्कं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गोदाबाईनं काज करता करता तेल ओतलं. "माणूस बाहेर जेवला का नाई, घरचं अळणीच लागते बाई त्याले."

"कुठं जेवतो, ते माहीत हाय मले. कोण्या ज्योत्स्नाची खानावळ हाय."

"विधवा हाय ना ते?"

"हौ."

गोदाबाईनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं काज धरलं. 

दिवाळी आली. रूपाली दुसऱ्या कोणाही पुरुषाचा कपडा हातात घेत नसे, पण दिवाळीला नवऱ्याचा एक सदरा स्वतः शिवायचा, हा तिचा लग्नापासूनचा नेम. बायांच्या मापांच्या वहीचं शेवटचं पान भोजराजसाठी राखून ठेवलेलं. वर्ष घालायचं, खाली गळा, खांदा, बाही, पोट, मनगट. एका वर्षाखाली दुसरं वर्ष.

तिनं गळ्याभोवती टेप लावला. सतरा! गेल्या दिवाळीला साडेसोळा होता, त्याआधी सोळा. खांदा वाढलेला. मनगट बघितलं, आठ इंच. लग्नात साडेसहा होतं. मग तिची नजर दाराशी काढलेल्या बुटांवर गेली. आठ नंबर घालणाऱ्या माणसाचे बूट दहा नंबरचे होते.

बाईंच्या अंगात संताप असा चढला की टेप हातातून सुटला.

"कोणाच्या हातचं खाऊन एवढे सुटून राह्यले जी? माया हातचं बारा वर्षं खाल्लं, तवा तर मनगट भरलं नाई!"

 भोजराजनं हात मागे घेतले आणि पाठीमागे लपवल्यासारखे धरले. चोर तो चोर, वर मुकाट! रूपालीनं आकडे वहीत असे दाबून लिहिले की पेन मागच्या पुठ्ठ्यावर उमटला.

शेवटचा घाव बसस्टँडवर बसला. दिवाळीनंतरच्या शनिवारी हिनं ठरवलं, भांडून पाहिलं, आता गोडीनं पाहू. जांभळी साडी नेसली, गजरा माळला, आणि त्याला घ्यायला म्हणून बसस्टँडवर गेली. बस लागली. ही दाराच्या डाव्या अंगाला, अगदी पायरीला लागून उभी. भोजराज उतरला. त्याचा खांदा हिच्या पदराला घासला. आणि हा माणूस सरळ समोर बघत निघून गेला!

अनोळखी बाईला धक्का लागला तरी माणूस वळून 'माफ करना बहनजी' म्हणतो. हा बायकोला घासून गेला आणि मानही वळवली नाही. तिथे उसाच्या रसाच्या गाडीपाशी चार माणसं बघत होती. गजरा तिला डोक्यावर धोंड्यासारखा वाटायला लागला. तो तिनं तिथेच ओढून टाकला.

डोळे अधू असतील, असं मनात यायला जागाच नव्हती. गेल्याच आठवड्यात त्यानं तिला सुईत दोरा ओवून दिला होता, पहिल्या फटक्यात. पेपरातली बारीक अक्षरं वाचायचा. सुईचं भोक दिसतं आणि बायको दिसत नाही? आता तुम्हीच सांगा, तिनं काय समजावं?

ती घरी आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. "कुठं गेलती?" म्हणाला.

"मसणात," रूपाली म्हणाली.

बुधवारी सकाळी तिनं गोदाबाईच्या हाती किल्ली दिली, मापांची वही पिशवीत कोंबली आणि बैहरवरून मलाजखंडला जाणारी बस पकडली. वही कशाला? तर पुरावा म्हणून. त्या बाईच्या तोंडावर आपटायची आणि सांगायचं, बघ, माझा नवरा मी असा दिला होता आणि तू त्याचं हे केलंस. सगळ्या रस्त्यानं ती बोलायची वाक्यं जुळवत होती. घाटात दोन बायांना उलट्या झाल्या, हिला काही कळलंसुद्धा नाही.

दीडच्या सुमाराला खानावळ सापडली. टिनाचा शेड, चार बाकडी, कुडाच्या भिंतीला एक खिडकी. रूपाली आधी खिडकीशी थांबली. बाई दिसली, आणि हिचा अपमान दुप्पट झाला. चाळिशी उलटलेली, कानशिलावर केस पिकलेले, अंगानं बत्तीस, ब्लाऊज बाहीत लोंबतंय, एक हूक तुटलेलं. ह्या काडीसाठी? माझ्यासारखी घरात असताना ह्या काडीसाठी?

चार माणसं जेवत होती. ज्योत्स्नानं तिघांचे पाण्याचे ग्लास ज्याच्या त्याच्या बाजूला ठेवले, धप् धप् धप्. भोजराजपाशी मात्र ती थांबली. ग्लास त्याच्या ताटाच्या पुढ्यात आणला, त्याचा हात मनगटाशी धरला आणि ग्लासावर टेकवला. बाकीच्यांनी मान वरही केली नाही. म्हणजे हे रोजचंच होतं.

रूपाली आत कशी शिरली ते तिलाच आठवत नाही.

"माया नवऱ्याचा हात धरून पाणी पाजते व! लहान लेकरू हाय का तो?"

बाकडी सरकली. भोजराजनं मान वर केली, पण हिच्याकडे नाही, भलतीकडेच. मग सगळ्या धडानिशी वळला तेव्हा कुठं ती त्याला सापडली. "रूपाली? तू कवा आली?"

ज्योत्स्नाच्या हातात पाण्याचा जग होता. तो तिनं सावकाश खाली ठेवला. तिला राग आला नाही, हेच रूपालीला सगळ्यात जास्त झोंबलं.

"बरं झालं बाई, तुम्ही आल्या," ज्योत्स्ना म्हणाली. "मी महिन्यापासून म्हणून राह्यली यांले, घरी सांगा, घरी सांगा. बाजूचं दिसत नाई यांले. बाजूले ठेवलेले तीन ग्लास सांडले, तवा मले समजलं. समोरचं दिसते, आजूबाजूचं नाई."

"खोटं! सुईत दोरा ओवतात ते!"

"सुई समोर असते ना बाई."

"टँकर खांबाले घासला होता," एक जेवणारा ताटात बघत म्हणाला. "तब से गाड़ी छोड़ दी इन्होंने. टायर के गोदाम में बैठते हैं."

रूपालीनं नवऱ्याकडे बघितलं. तो मान घालून बसला होता. ती त्याच्या बाजूला गेली, त्याच्या कानाच्या रेषेत दोन बोटं धरली. "किती?"

"काय किती?"

तिनं हात थोडा पुढं आणला. "आता?" आणखी पुढं. "आता?" बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा तो म्हणाला, "दोन." दुसऱ्या बाजूनं केलं. तेच.

बसस्टँड तिच्या डोळ्यांपुढं आला. पायऱ्यांच्या डाव्या अंगाला, जांभळी साडी नेसून आपण उभ्या. ती त्याच्या शेजारी बाकड्यावर बसली.

"अंगठी कुठं हाय?" तिनं विचारलं. आवाजातला सगळा दम गेलेला होता, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

भोजराजनं इकडंतिकडं बघितलं, सदरा वर केला. कमरेच्या काळ्या करदोड्यात गाठ मारून अंगठी बांधलेली होती. "बोटात मावत नाई व. साबण लावून काढली त कातडं निघालं. तू म्हणलं होतं ना, अंगठी निघाली त मी निघाली. म्हणून अंगावरच ठेवली. मले वाटलं, सूज आली, उतरन. मंग डोळ्याचं झालं त भेव वाटलं. तुले काय सांगू? तू आधीच भांडून राह्यली होती."

एवढ्या शनिवारांत तिनं एकदा तरी त्याच्या कमरेला हात लावला असता तर ती गाठ हाताला लागली असती. तिनं त्याचे हात मांडीवर ओढून घेतले आणि बघितले. बोटं जाड, तळवा रुंद, कातडं घामानं ओलं. मग तोंड बघितलं. हनुवटी पुढं आलेली, खालच्या दातांत फटी पडलेल्या. दर शनिवारी हे तोंड ती बघत होती, पण त्यावर पाप कुठं लिहिलंय तेवढंच शोधत होती. आणि ह्या मेल्या काडीनं तीन ग्लास सांडले तेवढ्यात सगळं ओळखलं! जळफळाट आता खरा सुरू झाला. परक्या बाईनं नवरा पळवला असता तर चार लोकांत रडता तरी आलं असतं. परक्या बाईनं नवरा पाहिला आणि आपण नाही, हे कोणाजवळ रडायचं?

नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, साखरेचं पाणी पाजून पुन्हा तपासलं, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टरीणबाईंचं नाव देवश्री, वय तिशीचं, दिसायला देखणी. भोजराज तिच्याकडे बघून 'हौ मॅडम' म्हणाला तरी रूपालीच्या कपाळाला आठी पडली. सवय जाते का लगेच?

"नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली एक ग्रंथी असते," डॉक्टर म्हणाल्या. "पीयूषिका. वाटाण्याएवढी. खाणीत मुकादम असतो ना?"

"असतो जी," भोजराज म्हणाला.

"मेंदू मालक आणि ही मुकादम. ही रक्तातून हुकूम पाठवते. गळ्यातल्या थायरॉईडला सांगते, अंगाची भट्टी किती तापवायची. मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना सांगते, अडचणीच्या वेळी जोर किती लावायचा. अंग किती वाढवायचं तेही हीच सांगते. मालक पुरे म्हणाला की मुकादमानं थांबायचं, अशी रीत आहे. यांच्या मुकादमाला गाठ आलीय. ती मालकाचं ऐकत नाही. तिचा एकच हुकूम चालू आहे, वाढा. मोठ्या माणसाची हाडं लांब होत नाहीत, रुंद होतात. आणि त्या गाठीच्या वरूनच डोळ्यांच्या नसा जातात. त्या दबल्या, म्हणून दोन्ही बाजूंचं दिसेनासं झालं. अजून थांबला असतात तर समोरचंही गेलं असतं."



"किती वर्षांपासून बदल झाला ते कळायला हवं," डॉक्टर म्हणाल्या. "जुने फोटो आहेत का?"

फोटो बरोबर नव्हते. रूपालीनं पिशवीत हात घातला तर वही लागली. बुधवारपासून ती तिथेच होती. तिनं शेवटचं पान उघडून टेबलावर ठेवलं आणि नजर दुसरीकडे फिरवली.

डॉक्टरांनी बोट वरून खाली नेलं, पुन्हा वर नेलं. "हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"चार वर्षांपूर्वीपासून सुरुवात आहे. गळा, खांदा, मनगट वाढत गेलं. बाही तेवढीच, पोट छत्तीसचं छत्तीस. कितीही फोटो आणले असते तरी एवढं स्पष्ट कळलं नसतं. फार चांगलं काम केलंत तुम्ही."

थोबाडीत मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. पोट छत्तीसचं छत्तीस! ज्या बाईनं हजारभर बायांची मापं घेतली, तिला ठाऊक नव्हतं का की खाऊन सुटलेलं माणूस आधी पोटाला सुटतं? गिऱ्हाइकाचं असं माप निघालं असतं तर तिनं टेप दोनदा लावला असता. स्वतःच्या नवऱ्याचं निघालं तर तिनं त्याला बाई चिकटवली. चार वर्षं पुरावा स्वतःच्या अक्षरात लिहिला होता आणि वाचला मात्र उलटा.

"आणखी एक," डॉक्टर जरा थांबून म्हणाल्या, "नवराबायकोतली ओढही कमी झाली असेल. तो हुकूमही इथूनच जातो. गाठीनं तो दाबून टाकलाय. त्यात यांचा दोष नाही."

भोजराजचे कान लाल झाले. रूपाली उठली आणि उजेडात लावलेल्या त्या फोटोपाशी गेली. डॉक्टरांनी पांढरा ठिपका दाखवला.

"एवढीशीच?"

"एवढीशीच."

"अवं माय," रूपाली म्हणाली, "मले वाटलं सवत चांगली धडधाकट असन." आणि मग तिथेच, त्या फोटोकडे तोंड करून, ती ओक्साबोक्शी रडली.

ऑपरेशन नाकातून झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, सूज उतरेल, हाडं उतरणार नाहीत. डोळ्यांचं मात्र आत्ताच काही सांगता येत नाही. किती दिवस नस दबली होती त्यावर आहे. रूपालीला हाडांचं काही नव्हतं, सदरा ती मोठा शिवणार होती. तिचा जीव अडकला होता तो डोळ्यांत. तिनं मधले काही महिने भांडणात घालवले होते, आणि तेवढ्या महिन्यांचा हिशेब कोणी तिला मागितला नाही तरी ती स्वतःला विचारत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात ज्योत्स्ना उभी. मलाजखंडवरून तीन गाड्या बदलून आली होती, हातात डबा. रूपालीनं 'या' म्हटलं, पण बसा म्हणायचं तोंडात आलं नाही. आभार मानायला हवेत हे कळत होतं. कळून आत जळतही होतं.

भोजराज उशीला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होता. नाकाखाली पट्टी, मान हलवायची नाही म्हणून सांगितलेलं. "पाणी दे व," तो म्हणाला.

ज्योत्स्ना जवळ होती. सवयीनं तिनं ग्लास उचलला आणि त्याचा हात धरायला वाकली.

रूपालीनं तिचं मनगट पकडलं. "राहू द्या."

ज्योत्स्ना कानकोंडी झाली. ग्लास सोडून पलंगाच्या उजव्या अंगाला सरकून उभी राहिली. तिला वाटलं, हिचं अजून गेलं नाही. खरं तर गेलं नव्हतंच. पण आता मनगट धरलं होतं ते त्यासाठी नव्हतं.

रूपालीनं ग्लास घेतला आणि डाव्या बाजूच्या स्टुलावर ठेवला, पार काठाला. हात मागे घेतला. पदर मुठीत धरला. "पाणी ठेवलं," एवढंच म्हणाली. कुठं ते सांगितलं नाही.

भोजराज भिंतीकडेच बघत होता. त्याचा डावा हात उठला. चाचपडला नाही, थांबला नाही. सरळ ग्लासावर गेला आणि ग्लास उचलून तोंडाला लावला.

पाणी पिऊन झाल्यावर मान न वळवता तो म्हणाला, "ज्योत्स्नाताई, तिकडं उभ्या काहून? बसा ना."

ज्योत्स्नानं तोंडावर हात ठेवला.  रूपालीनं नाक पुसलं, पुन्हा भरून आलं, पुन्हा पुसलं.

"आम्ही दोघीही दिसलो?"

"हौ. दोघीही दिसून राह्यल्या."

"बरं झालं," रूपाली म्हणाली, आणि पलंगाला वळसा घालून ज्योत्स्नाच्या पुढं येऊन उभी राहिली. "आता मलेच पाहजा."